वाटीभर ताक आणि चार टायर

पोंक्षेकाका माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, त्याच्या टायरकडे बघून बोलतात. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना मुलगा घरी आला, तेव्हा आईबाबा वर त्याला पोहे वाढत होते आणि शेजारचे काका खाली त्याच्या गाडीपाशी उकिडवे बसले होते. संध्याकाळी मला निकाल कळला. "पुढचा डावा कडेनं झिजलाय. मुलगा वळणं घाईत घेतो. बघ बाई." मी बघितलं, लग्न केलं, आणि तो आजही वळणं घाईतच घेतो.

काकांची उभी हयात कारखान्यात ट्रकचे टायर तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ट्रक सोडले आणि स्पोर्टी गाड्यांचे उन्हाळी टायर धरले. त्याला कारण त्यांचा मुलगा मंदार. तो जर्मनीत असतो. तिथे त्याने एक चपळ गाडी घेतली, आणि तिथे म्हणे थंडीचे टायर वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. आपल्याकडे बारा महिने उन्हाळीच. पुण्यात थंडी वाजते ती फक्त दुकानदाराशी बोलताना.

माझं नशीब असं, की माझ्या गाडीला मंदारच्याच गाडीच्या मापाचे टायर लागतात. एवढ्या एका पापापायी दर रविवारी सकाळी मी काकांना घेऊन खडकवासल्याच्या रस्त्याला लागते. बाजारात नवीन टायर आला की काकांच्या ओळखीचा दुकानदार तो मुकाट्याने बसवून देतो. काकांशी वाद घालण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटतं.

परीक्षा अशी. टायरच्या कडेला खडूची रेघ आणि डॅशबोर्डवर काठोकाठ ताकाची वाटी. वळण झालं की काका उतरून रेघ किती पुसली ते बघतात, मग वाटीत किती उरलं ते बघतात आणि उरलेलं पिऊन टाकतात. यात शास्त्र किती, ते मला विचारू नका. मी रेडिओकडे हात नेला की, "रबर बोलतंय, तू गप्प बस." एकदा मागच्याने हॉर्न वाजवला, तर काका उतरून त्याला अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "अहो, आपल्या टायरवर नक्षी उरलेली नाही. आपण मागेच राहिलेलं बरं."

दुपारी मंदारला फोन. पाऊण तास फक्त टायर. जेवलास का, बरा आहेस का, यातलं अक्षर नाही.

गेल्या महिन्यात मी सहज मंदारला मेसेज केला, काकांनी सुचवलेले टायर कसे आहेत? उत्तर आलं : "ताई, गाडी वर्षापूर्वीच विकली. बाबांना सांगू नकोस प्लीज. टायर संपले तर ते माझ्याशी बोलतील कशावर?"

त्या रविवारी मी रेडिओकडे एकदाही हात नेला नाही. काकांनी खडू खिशात टाकला.

"तुला कळलेलं दिसतंय."

"काय काका?"

"गाडी विकल्याचं. मला केव्हाचं माहितेय. मला सांगत होता, ब्रेक मारला की टायर ओरडतात, आणि मागे ट्रामची घंटा! ट्राममध्ये बसून टायरवर बोलत होता गाढव."

"मग तुम्ही त्याला म्हणत का नाही तसं?"

"आणि मग बोलू काय? त्याची आई होती तोवर बाकीचं सगळं ती बोलायची. मला टायरच येतात गं."

मी वाटी पुन्हा काठोकाठ भरली, गाडी सुरू केली आणि पुढचं वळण माझ्या नवऱ्यासारखं घेतलं.

अर्धं ताक डॅशबोर्डवर गेलं, अर्धं काकांच्या इस्त्रीच्या पँटवर. काका पँटकडे बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"सांडलं!" ते म्हणाले. "आज फोनवर तासभर पुरेल."