एकतीस भांडी, एक चिकटपट्टी

सिग्ने चर्चच्या तळघरात उतरली तेव्हा व्हर्ना आत्या शेवटचं भांडं पुसत होती. टेबलावर काचेची एकतीस भांडी ओळीने पालथी घातलेली, लख्ख. एकाच्याही बुडाला चिकटपट्टी नव्हती.

"तासभर गरम पाण्यात बुडवून ठेवली," आत्या म्हणाली. "शुक्रवारी कॉलेजातली माणसं बघणार. बुडाला चिकटा घेऊन कशाला न्यायची?"

सिग्ने मटकन खुर्चीत बसली. त्या चिकट्यासाठीच तर कॉलेजाने तिला उन्हाळ्याची फेलोशिप दिली होती.

मिनेसोटाच्या त्या गावात कुणी गेलं की बायका घरून हॉटडिश आणत. खाली खिमा-भाज्या, वर बटाटे, सगळं ओव्हनमध्ये भाजलेलं. भांडं परत मिळावं म्हणून बुडाला नावाची पट्टी. तरी काही मागे राहतच. चर्चच्या कपाटात साठ वर्षांत अशी एकतीस साचली होती. कुणाच्या दुःखात कुणी काय आणलं आणि भांडं न्यायला परत का आलं नाही, हा सिग्नेचा विषय. वडील म्हणाले होते, भांड्यांत कसलं आलंय संशोधन, धुवायची आणि ठेवायची. आत्याने त्यांचं निम्मं ऐकलं होतं.

आकार, रंग, मापं सिग्नेने टिपली होती. पट्ट्यांचे फोटो मात्र सगळे एकदम, चांगल्या उजेडात घ्यायचे म्हणून शेवटी ठेवले होते. शुक्रवारचं सादरीकरण नीट झालं तर पुढचं वर्षभर हाच विषय चालवता येणार होता. नाही तर काकांच्या पशुखाद्याच्या दुकानात पोती मोजायची.

सिग्नेने आपले मार्गदर्शक प्राध्यापक पेल्टियर यांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लेखी गेलं तर तोंडी मिळव. पण प्रत्येक भांड्याला मालक हवा. त्याशिवाय हा इतिहास नाही, भांड्यांचं दुकान आहे."

बुधवारी सिग्नेने गावातल्या बारा बायकांना तळघरात बोलावलं. त्या टेबलाभोवती फिरल्या, कौतुक केलं आणि खुर्च्यांवर जाऊन बसल्या.

"ते हिरवं किती सुरेख आहे," लव्होन काकू म्हणाली. "म्हणजे माझं नसणार."

सगळ्यांचं तेच. चांगलं भांडं आपलं म्हणणं ही बढाई, करपलेलं आपलं म्हणणं ही नाचक्की. दोन तास झाले, कॉफीच्या तीन किटल्या संपल्या, लिंबाच्या वड्यांचं ताट रिकामं झालं, आणि सिग्नेच्या वहीत एकही नाव आलं नाही. शेवटी तिने वही मिटली.

"ठीक आहे. बेवारशी भांडी उद्या पलीकडच्या चर्चच्या जुन्या बाजाराला देऊन टाकते."

लव्होन काकूने कप खाली ठेवला. "त्यांना कशाला? हिरवं माझं आहे."

पुढच्या दहा मिनिटांत तीस भांड्यांना मालक मिळाले. ज्या बायका आता नव्हत्या त्यांची भांडी सुनांनी ओळखली.

एक उरलं. पांढरं, निळ्या फुलांचं. एके काळी लग्नात सगळ्यांनाच मिळायचं तसलं. सगळ्या आपापल्या कपात बघू लागल्या. व्हर्ना आत्या एकाच टॉवेलची चौथ्यांदा घडी घालत होती.

सिग्ने हळूच म्हणाली, "आत्या, तू पट्टी काढायलाच भांडी धुतलीस ना?"

"एकच धुतलं असतं तर कळलं असतं," आत्या म्हणाली.

मग तिने सांगून टाकलं. नवरा गेला तेव्हा तिची जुनी मैत्रीण आयोनी या भांड्यातून हॉटडिश घेऊन आली होती. आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही गावची रीत. पण त्या दिवशी आयोनी जेवढा वेळ शेजारी बसून राहिली, त्याच्या तोडीचं काय भरून द्यायचं ते आत्याला सुचेना. महिना गेला, मग लाज वाटू लागली, मग अठरा वर्षं गेली. शेवटी तिने भांडं गुपचूप चर्चच्या कपाटात मागे सारलं. चर्चमध्ये आयोनीपासून चार बाकं लांब बसायला तर तिने केव्हाच सुरुवात केली होती.

दाराजवळ बसलेली आयोनी काकू काठी टेकत उठली. भांडं उचलून तिने कानाशी उडालेला टवका बघितला.

"व्हर्ना, हे माझं नाही."

"तुझ्या नावाची पट्टी होती गं त्यावर."

"पट्टी माझी. भांडं तुझं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तू यातूनच जेवण पाठवलं होतंस. रिकामं कसं द्यायचं म्हणून राहून गेलं. मग तुझा हॅरल्ड गेला. म्हटलं, यातच भरून न्यावं."

आत्या खाली बसली. "म्हणजे मी अठरा वर्षं माझंच भांडं तुझ्यापासून लपवलं."

"आणि मला वाटलं, उशिरा दिलं म्हणून तू रागावलीस."

शुक्रवारी पेल्टियर सर टेबलाशी आले. तीस भांडी उलटीसुलटी करून त्यांनी नव्या पट्ट्यांवरची नावं वाचली, मान डोलावली आणि निळ्या फुलांच्या भांड्याला हात घातला.

"सर, ते पालथं करू नका," सिग्ने म्हणाली. "पुरावा अजून गरम आहे."

तिसऱ्या रांगेत व्हर्ना आत्या आणि आयोनी काकू शेजारी शेजारी बसल्या होत्या. आतली हॉटडिश संपल्यावर भांडं घरी कुणी न्यायचं, यावरून दोघींचं हळू आवाजात "तू ने", "छे, तूच ने" चाललं होतं.