बाटलीतलं सोनं आणि मास्तरांची मिशी

इचोड्याचे यशवंतराव मास्तर दोन गोष्टी जिवापाड जपत: विज्ञान आणि मिशी! एकसंध आंध्राचे शेवटचे दिवस चालू होते, राज्य फुटायच्या बेतात होतं, तेव्हाची ही गोष्ट. मास्तर हैदराबादला शिक्षकांच्या शिबिराला गेले, तिथं त्यांनी लाल सोनं पाहिलं आणि झपाटूनच परत आले. पाण्यात सोन्याचे कण डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक केले, की पाणी डाळिंबासारखं लाल होतं! आता मास्तरांना राहवतंय कसलं! त्यांनी बायकोकडे, जयवंताबाईंकडे, गळ्यातल्या पोतीतला एक सोन्याचा मणी मागितला.

"माह्या मायची आठवण होय थो," जयवंताबाई म्हणाल्या. "रविवारी भावाचं लगन हाय. त्याच्या आत मणी पोतीत पायजे!"

"अवो, सोनं कुठी पळून जाते का? जसंच्या तसं काढून देतो!"

शाळेच्या प्रयोगशाळेत मणी दोन तेजाबांच्या मिश्रणात विरघळला. मास्तरांनी ते पाणी उकळत ठेवलं, त्यात एक क्षार टाकला आणि डोळे लावून बसले. पाणी आधी काळसर झालं, मग जांभळट आणि मग हळूहळू लाल! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी उभे होते गणिताचे डोमाजी सर. त्यांचा तर आ वासलेलाच राहिला.

"पन अजून तापवलं, तं हा रंग उडन," डोमाजी म्हणाले.

"किती बी तापवा!" मास्तरांनी मिशीला पीळ दिला. "हे सोनं तापवून त्याचा रंग बदलला, तं मिशी उतरवतो!"

पुन्हा तापवलं. खदखदा उकळलं. पाणी लालच! "फरक पडते," मास्तर म्हणाले, "पन इतकुसा, का थो फक्त यंत्राले दिसते."

इथवर सगळं झकास होतं. मास्तर मणी परत काढायला बसले, तेव्हा पंचाईत झाली. गाळणकागदातून पाणी गाळलं, तर कागद कोरा आणि खाली लाल पाणी! कण इतके बारीक, की कागद त्यांना अडवेना. बाटली घरी आणून खिडकीत ठेवून दिली, तर तळाला काही बसेना. लग्न तोंडावर आलं, आणि जयवंताबाई पोतीतल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून नुसत्या बघत. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं!

शनिवारी मास्तर शाळेतून घरी आले, तर खिडकीतली बाटली गायब!

"माय, माही बाटली?"

"फ्रीजात ठेवली, बर्फाच्या खनात," मास्तरांच्या आई, बयनाबाई, म्हणाल्या. "काय ऊन होय बाप्पा हे! उन्हानं पानी उडते. पान्यासंगं सोनं उडालं असतं, मंग?"

मास्तरांनी धावत जाऊन बाटली काढली. आत बर्फाचा गोळा! तो वितळला, आणि लाल रंग कुठच्या कुठं गेला. वर साधं पाणी, खाली काळी भुकटी. जयवंताबाईंचं बोट पुन्हा पोतीतल्या रिकाम्या जागेवर गेलं.

"मी सोन्याचा कोळसा केला वो!" बयनाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

मास्तर बाटलीकडे टक लावून बघत राहिले. आणि एकदम ओरडले, "माय, तू तं माहं काम केलं!"

"काऊन रे, येडा झाला का?"

"अवो, कन एकेकटे होते तोवर लाल दिसत. पानी गोठलं, तसे बर्फानं त्याहीले रेटत रेटत एका कोपऱ्यात कोंबलं. तिथं ते एकमेकाले चिकटले, आन् रंग गेला! हे सोनंच होय! आता जड झालं, आता कागदातून निसटत नाय!"

आणि खरंच, या वेळी कागदावर काळा गाळ राहिला. तो घेऊन सगळी वरात केशवराव सोनारांच्या दुकानात. डोमाजीही आले. केशवरावांनी गाळ मुशीत टाकला, फुंकणी धरली. काळा डाग आकसला, लालभडक झाला आणि एकाएकी थेंब होऊन थरथरला. निवला तसा पिवळाधमक मणी! काय म्हणावं या धातूला! तेच सोनं लाल झालं, काळं झालं आणि पुन्हा पिवळं होऊन मुकाट समोर बसलं. जयवंताबाईंनी मणी उचलून डोळ्यांना लावला. मास्तरांनी तर सोन्याला हातच जोडले.

डोमाजी खाकरले. "सर, केशवरावानं आता काय केलं?"

"तापवलं."

"आन् रंग?"

मास्तरांनी काळ्या कागदाकडे पाहिलं. पिवळ्या मण्याकडे पाहिलं. मग हळूच मिशीवर हात ठेवला.

रविवारी लग्नात जयवंताबाईंची पोत अशी झळकली, की बायका वळून वळून बघत होत्या. मांडवाच्या दारात सासरे पाहुण्यांचं स्वागत करत होते. मास्तर पुढं झाले, "जयभीम मामा!" म्हणाले.

"जयभीम, जयभीम!" सासऱ्यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "या पाव्हणे! तुमी नवरीकडचे का?"