खट्

वाशीमजवळच्या लष्करी प्रशिक्षण केंद्रात १९७४ साली इंजिनदुरुस्ती शिकवणारे यंत्र आले. पडद्यावर इंजिनाचे चित्र उमटे, टेपरेकॉर्डर दोष विचारून चार पर्याय ऐकवी आणि शिकाऊ जवानाने बटण दाबताच हिरवा किंवा लाल दिवा लागे. शिकताना हाताला ग्रीस लागत नाही, हा यंत्राचा मोठा गुण मानण्यात आला.

जवान जगदेवला पास होणे भाग होते. नापासांची रवानगी भटारखान्यात व्हायची आणि रिठदच्या उकंडरावांनी बजावले होते, "पोरगी मेकॅनिकलेच देईन, कांदे सोलणाऱ्याले नाई."

आधी लाल दिवेच लागले. मग जगदेवच्या कानांनी हेरले की बरोबर पर्यायाच्या तोंडावर टेप 'खट्' करते. लवकरच सगळी तुकडी डोळे मिटून शिकू लागली.

"साहेब, यंत्रच उत्तर सांगून राह्यलं," जगदेव एकदा बोलून गेला.

"खट् अभ्यासक्रमात नाही," सुभेदार प्रेमसिंग म्हणाले. "दिवा हिरवा लागतो ना? मग चूप बैस."

सगळे पास झाले. तेव्हा सरावाचे खरे इंजिन अनावश्यक ठरवून भंगारात काढण्यात आले.

प्रमाणपत्र घेऊन जगदेव रिठदला गेला. उकंडराव त्याला थेट विहिरीवरच्या पाणी उपसणाऱ्या इंजिनापाशी घेऊन गेले आणि अडकित्ता काढून सुपारी कातरत बसले.

"हे इंजन काहून बंद पडलं, पाय बरं."

जगदेवने डोळे मिटले. "मामा, पर्याय सांगा."

"पर्याय? अनसिंगचा एक पोरगा हाये, कंडक्टर. तो पर्याय!"

"तसं नाई. इंजनाचे."

"मले काय मालूम? डिझल संपलं असन, पट्टा तुटला असन, नाईतं..." अडकित्ता वाजला, खट्! "उंदीर शिरला असन!"

"उंदीर!" जगदेव ठामपणे म्हणाला.

सांजेपर्यंत इंजिनाचा नटन्‌नट सुटा झाला. उंदीर सापडला नाही, इंजिन पुन्हा जुळले नाही. पोरगी कंडक्टरला दिली.

उकंडरावांच्या तक्रारीवर चौकशी झाली. जवानाने शिकवल्याप्रमाणेच उत्तर दिले असल्याने दोष इंजिनाचा ठरला, आणि यंत्रात उंदराचे एक चित्र वाढवण्यात आले.

तर वाचकहो, दोष कोणाचा? जगदेवचा, यंत्राचा, सुभेदाराचा की उंदराचा? घाई नको. शेजारी कुठे खट् होते का, ते आधी ऐका. एरवीही तेच करता.