चोख बारा इंच

तीस वर्षं पँटी शिवतोय मी! माप गळ्यातल्या टेपनं घ्यायचं, कापड टेबलावरच्या लाकडी पट्टीनं आखायचं. सूतभर चूक काढून दाखवा! त्यामुळे मेहुण्याच्या सायकलचा गिअर अडतोय म्हटल्यावर मी म्हणालो, मिस्त्री कशाला? मी मेलोय की काय?

तीन महिन्यांपूर्वी मी शिवलेली त्याची नवी पँट पोटावर अडकली, तेव्हा पोट सुटलंय, सायकल चालव, असं मीच त्याला सुनावलं होतं. त्या सुमारास सगळ्याच गिऱ्हाइकांची पोटं सुटली होती. बिचाऱ्यानं साखर सोडली, जुनी सायकल घेतली, आणि उद्या सकाळी टेकडी चढायची शर्यत होती. आयुष्यातली पहिली! तीन महिने तो त्याच एका दिवसासाठी घाम गाळत होता. पण गिअर बदलला की चेन आधी कुरकुरायची, मग विचार करायची आणि नको तिथे उडी मारायची.

झिजलेली चेन लांबते, एवढं मला ठाऊक होतं. चोवीस कड्या म्हणजे बारा इंच. टेप लावला. चोख बारा! चेन निर्दोष! मागच्या चक्राचे दात पाहिले, तर कात्रीसारखे टोकदार. म्हटलं वा, धार शाबूत आहे!

म्हणजे दोष गिअरच्या तारेचा. तार ताणली, चेन खाली पडली. सैल केली, चेन चाकात अडकली. शिलाई मशीनचं तेल ओतलं, ते एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटीवर उडालं. बायकोनं पँट पाहिली, भावाचा चेहरा पाहिला आणि गुपचूप मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्रीनं स्टीलची पट्टी लावली. "चेन संपली. पाव इंच लांबलीय. असे टोकदार दात म्हणजे चक्रही गेलं."

मी खवळलो. त्याची पट्टीच खोटी म्हणालो आणि तिच्याशेजारी माझा टेप ताठ मानेनं अंथरला.

माझे बारा इंच त्याच्या सव्वाबारावर संपत होते. ओढून ओढून टेपच लांबला होता!

मेहुण्यानं टेप उचलून स्वतःच्या पोटाभोवती धरला.

"दाजी, म्हणजे माझं पोट होतं तेवढंच होतं?"

मी खाली पडलेला स्क्रू शोधायला लागलो.

"तीन महिने बिनसाखरेचा चहा पितोय मी, दाजी."

मिस्त्रीनं चेन आणि चक्र दोन्ही बदललं. दुसऱ्या दिवशी मेहुणा शेवटून तिसरा आला, पण पाय न टेकवता वरपर्यंत चढला! खाली येऊन त्यानं मला मिठी मारली. त्याची ती पँटही आता छान बसते.

मी नवा टेप आणलाय. फक्त कोपऱ्यावरचे वकीलसाहेब माझ्या सांगण्यावरून अजून रोज पहाटे पळतात. त्यांना काही बोललो नाही. तब्येत काय सुधारलीय हो त्यांची!