अमेरिकेची मुळाक्षरं आणि खुशालरावांची खुर्ची

तिकडे अमेरिकेत भाऊ भावावर बंदूक घेऊन उठला, तिकडचा कापूस बाजारात यायचा थांबला आणि इकडे पातूरच्या खुशालरावांच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. तेव्हा खुशालरावांनी ठरवलं, की त्या मुलुखाचे आभार मानायचे. कसे, तर तो देश जन्माला कसा आला हे चित्रांतून सांगणारं मुळाक्षरांचं पुस्तक करायचं आणि ते जिल्ह्याच्या साहेबाला नजर करायचं. (आभार अमेरिकेचे, नजराणा इंग्रजाला, हे कसं, असं त्यांना कोणी विचारलं नाही. पैसेवाल्याला गावात कोणी प्रश्न विचारत नाही.)

खरं दुखणं वेगळंच होतं. साहेबाच्या दरबारात त्यांचा साळा महादेवराव खुर्चीवर बसे आणि खुशालराव दाराशी, जोड्यांच्या ढिगाजवळ उभे राहत. बायकोच्या माहेरचं नाव निघालं की त्यांचे गुडघे दुखू लागत. पुस्तक पाहून साहेब खूश होईल आणि आपल्याला खुर्ची देईल, एवढंच त्यांचं अमेरिकेशी नातं.

अकोल्याच्या एका कापसाच्या पेढीवर गोवर्धन नावाचा कारकून होता. दोन वर्षं मुंबईला राहून आल्यामुळे त्याला सगळं जग ठाऊक होतं. त्यानं सांगितलं, की तिथल्या शेतकऱ्यांवर एक राजा राज्य करी. त्यानं चहावर कर बसवला. शेतकऱ्यांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. राजाचे लाल डगलेवाले शिपाई आले, त्यांना पिटाळून लावलं, झाला देश. राजा कुठला, हे खुशालरावांनी विचारलं नाही. चहा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तो तापावरचा काढा असावा असं त्यांनी धरलं, आणि काढा फेकून देणारे लोक त्यांना मनापासून आवडले.

चित्रं काढायला नत्थुजी मिळाला. पोळ्याला गावातले बैल रंगवणारा हा एकच माणूस. गेरू, हिंगूळ आणि चावलेली बाभळीची काडी, एवढं त्याचं सामान. अडचण इतकीच, की त्याचा हात बैलावर बसलेला. माणूस काढायला घेतला तरी आधी वशिंड काढी आणि मग त्याला सदरा घाली. शिपाई कसे असतात ते पाहायला तो अकोल्याला पलटणीच्या तंबूंपाशी दोन दिवस बसून आला.

पानावर वर अक्षर, खाली चित्र. शब्द खुशालराव तोंडानं सांगणार होते. 'च'वर समुद्रात पेट्या फेकणारे आणि त्यांना अडवायला पाण्यात उतरलेले शिपाई, 'र'वर राजा, 'ल'वर लढाई. 'ख'ला अमेरिकेत काही सापडेना, म्हणून त्यांनी खुर्ची काढायला लावली. राजा गेल्यावर तिथं सगळ्यांना खुर्च्या मिळाल्याच असतील, हा त्यांचा हिशेब. नत्थुजीनं खुर्ची कधी पाहिली नव्हती. चार पाय असतात एवढं ऐकून त्यानं एक बैल काढला आणि त्याच्या गळ्यात लाकडी चौकट अडकवली. खुशालरावांनी कपाळाला हात लावला, पण कागद संपला होता.

साहेबाचा मुक्काम पातूरच्या आमराईत पडला. पुस्तक घेऊन दुपारी हजर व्हा, असा निरोप घेऊन चपराशी आला. खुशालरावांच्या बायकोनं, मैनाबाईनं, तांबड्या फडक्यात बांधायला म्हणून पुस्तक हाती घेतलं आणि 'ल'पाशी थांबली.

"हे लाल डगलेवाले कोन व्हय?"

"राजाचे शिपाई."

"अन् मार खाऊन राहिले ते?"

"तेच ना. पिटाळलं त्याईले."

"मंग अकोल्याच्या पलटणीतला तो मिशावाला गोरा यात काहून पडला हाय?" मैनाबाईनं बोट ठेवलं. "कोन्या मुलकाचा राजा हा?"

खुशालरावांनी तोंड उघडलं आणि गोवर्धन बोलता बोलता 'विलायत' म्हणाला होता हे त्यांना आठवलं. ते खाली बसले. (जमिनीवरच. खुर्ची मिळायची होती.) शिपायांचं बंड होऊन सातच वर्षं झाली होती, आणि ते निघाले होते इंग्रजाला हाकलल्याची चित्रं इंग्रजालाच दाखवायला. तीही पानागणिक.

"मी आजारी हाय म्हून सांग."

"चपराशी ओसरीवर गूळ खाऊन राहिला. तुमी टोपी घालून आरशात पाहत होते तवा त्यानं पाह्यलं तुमाले."

मैनाबाईनं नत्थुजीला बोलावणं धाडलं. तो आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ज्याच्या डोक्यावर टोपी असन त्याले शिंगं काढ."

"मालकीनबाई, राजालेबी?"

"त्याले मोठी काढ."

तीन महिन्यांत पहिल्यांदा नत्थुजीचा हात मोकळा चालला. वशिंडं तर तयारच होती. घटकाभरात विलायतेची सगळी फौज गोठ्यात जमा झाली.

आमराईत साहेबानं पुस्तक उघडलं. शिरस्तेदार दुभाष्या म्हणून उभा राहिला. महादेवराव खुर्चीवर बसून मिशीत हसत होते.

"च चाऱ्याचा," खुशालराव म्हणाले. पेट्या फेकणारे लोक आता पाण्यात उभ्या बैलांना वैरण टाकत होते. "र रोगाचा." मुकुट घातलेला मोठ्या शिंगांचा बैल आजारी दिसतच होता. "ल लाळ्या-खुरकुताचा." आडवे पडलेले बैल आणि अंगभर तांबडं.

साहेब एकदम सरळ बसला. त्या साली ढोरांत मरी होती, आणि तिच्यावर काय करावं हे त्याला वरून कागदावर कागद विचारत होते. पानं उलटत तो 'ख'वर आला. बैलाच्या गळ्यात लाकडी चौकट.

"ख खोड्याचा," खुशालराव डोळे मिटून म्हणाले. "मारक्या जनावराले घालते."

साहेबानं उठून त्यांचा हात हातात घेतला. महादेवरावांचं हसू मिशीतच राहिलं.

आठव्या दिवशी परवाना आला. जनावरांचे जाणकार म्हणून खुशालरावांना सरकारी खुर्ची बहाल झाली होती. ती पातूरच्या कोंडवाड्यात ठेवायची होती आणि रोज सकाळी तिच्यावर बसून गावातली मोकाट ढोरं आत घ्यायची होती.

तरी खुशालराव बसले. दोन दिवस ताठ बसले. महादेवरावांचा खोंड पिकात शिरून धरला गेला, तेव्हा साळा समोर उभा आणि आपण बसलेले, हेही सुख त्यांना मिळालं. त्या सुखात साळ्याला बाहेरपर्यंत पोचवायला म्हणून ते उठले, तेवढ्यात त्या खोंडानं खुर्चीच्या वेताच्या बैठकीत तोंड घातलं. वेत खाल्ला, चौकट गळ्यात अडकली, आणि तो कुंपण मोडून बाजारातून मैनाबाईच्या अंगणात येऊन उभा राहिला.

मागून धापा टाकत खुशालराव आले. ओसरीवर नत्थुजी पुढच्या पोळ्याचे रंग कुटत बसला होता. त्यानं खोंडाकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं आणि काडी खाली ठेवली.

"मालक," तो म्हणाला, "खुर्ची मी बराबरच काढली होती."