जर्मनीत उतू न गेलेलं दूध

जर्मनीतल्या भाड्याच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा रेणुकाला फक्त झोपायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या इंटर्नशिपचा पहिला दिवस होता आणि विमानात शेजारच्या बाळाने तिला डोळा लावू दिला नव्हता. तळेगावच्या कंपनीतून बिनपगारी रजा काढून सोबत आलेला तिचा नवरा आकाश स्वतःला या मोहिमेचा मॅनेजर समजत होता. त्याने गादीवर चादर पसरली आणि गावी कुरवंड्याला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"दूध उतू घातलं का?" शालूबाईंनी विचारलं.

"आई, रेणू लय दमलीय. उद्या घालतो."

"नव्या घरात दूध उतू गेल्याबिगर पाठ टेकायची न्हाई. उचल ती चादर. आन फोन बंद करू नगं, मला बघायचंय."

स्टेशनवरून आणलेलं दूध आकाशने विजेच्या शेगडीवर चढवलं. ते खदखदलं, पण वर येईना. रेणुकाने खोक्यावरची जर्मन अक्षरं मोबाईलवर तपासली.

"आत्या, हे ओटचं आहे," ती सासूला म्हणाली.

"ते कंचं जनावर?"

"जनावर नाही, धान्य."

"धान्याला कास कवा फुटली?"

रविवार, जवळची दुकानं बंद. "मी आहे ना," म्हणत आकाश खाली घरमालकीण ब्रिगिटेबाईंकडून गाईचं दूध घेऊन आला. मागोमाग त्याही आल्या. शेगडीवर डाग दिसला तर घर सोडायचं, ही त्यांची एकमेव अट होती.

दूध वर आलं. ब्रिगिटेबाईंनी आच कमी केली. आकाशने वाढवली. त्यांनी पुन्हा कमी केली.

"काय म्हनती ती?"

"म्हणते, लक्ष द्या, उतू जाईल."

"मग जाऊ दे की! सांग तिला."

आकाशने आत्मविश्वासाने इंग्रजीत सांगितलं की दूध मुद्दामच सांडायचंय. ब्रिगिटेबाईंनी डाव हातात घेतला आणि शेगडीसमोर ठाण मांडून दूध ढवळू लागल्या.

"सरकव तिला बाजूला!" शालूबाई ओरडल्या.

"घर जाईल, आई!"

फोनमध्ये मागून आकाशचे वडील अंबाजी म्हणाले, "अगं शालू..."

"थांबा वो! पोरांचा संसार अडकलाय हितं."

"अगं पर..."

"गप बसा म्हनलं ना!"

तेवढ्यात चर्रर्र आवाज आला. फोनमधून. पडद्यावर आधी छत दिसलं, मग कुरवंड्याची गॅसची शेगडी. तिच्यावरून संध्याकाळच्या धारेचं सगळं दूध ओट्यावर उतरत होतं.

आकाशने संधी सोडली नाही. "आई, गेलं उतू! तुझ्याच हातनं!"

आपल्या दुर्लक्षाने दूध वाया गेलं हे शालूबाईंनी मान्य करणं शक्यच नव्हतं. "व्हय, गेलं," त्या म्हणाल्या. "कुटं का जाईना, घर येकच हाय."

वाक्य संपेपर्यंत रेणुका उघड्या गादीवर घोरत होती. ब्रिगिटेबाईंनी स्वच्छ शेगडी पुन्हा एकदा पुसली आणि त्या खाली गेल्या.

पण रीत म्हणजे रीत. दूध कुरवंड्यात उतू गेलं, म्हणजे गृहप्रवेशही कुरवंड्यातच व्हायला हवा. शालूबाईंनी अंबाजींना अंगणात काढलं.

"आता उजवा पाय पुढं टाकून आत या."

"अगं, मी जन्मलोय ह्या घरात!"

"तवा कुनी इचारून घेतलं व्हतं तुमाला? या आता रीतसर."