कुलपातला हातोडा

न्हाव्यानं वस्तरा कुलपात ठेवला तर त्यानं खावं काय? कारंज्याचा उकंडा मिस्त्री हातोडा कुलपात ठेवत असे. लोखंडी पेटीत हातोडा, पेटीला कुलूप, किल्ली करदोड्याला. कुणी मागितला तर म्हणे, "झोपला हाय तो. उठवू नोका." असल्या येड्याच्या हाती मला माझी मोटर द्यावी लागली.

मी तेव्हा कारंज्यातल्या एका शेटजींची मोटर चालवत होतो. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून गाडीच्या मागे कोळशाची भट्टी बांधली होती. सामानाची तर बोंबच. खिळा हवा असला तरी मुंबईकडे तोंड करून बसायचं. अशात मंगरूळजवळ खड्ड्यात चाक गेलं आणि मागचा एक्सल मोडला.

भंगारातून दुसरा एक्सल मिळाला, हे पूर्वजांचं पुण्य. पण बेअरिंग जुन्याच तुकड्यावर अडकलेलं. बेअरिंग म्हणजे काय, तर एकात एक दोन पोलादी कडी आणि मध्ये गोळ्या. त्यातलं आतलं कडं एक्सलवर असं बसलं होतं की जणू तिथंच जन्मलं. ते धडधाकट काढून नव्या एक्सलवर चढवायचं होतं. फुटलं तर दुसरं नाही. शेटजींनी मला सरळ सांगितलं, "येत्या मंगळवारी मंगरूळचं वऱ्हाड अनसिंगले न्याचं हाय. गाडी उभी राह्यली, तर तूही घरीच उभा राहाजो."

आज बुधवार. दोन घाव घातले की काम झालं, असा माझा हिशेब. तर मिस्त्रीनं काय करावं? तुकडा मांडीवर घेतला, बेअरिंगवरून हात फिरवला, पळीभर रॉकेल सोडलं आणि म्हणाला, "भिजू द्या परवालोक."

"परवालोक? शुक्रवारपर्यंत लोणचं घालून राह्यला का?"

"मारल्यानं कोनी निंगत नसते, नामाभाऊ. मनवा लागते."

हे त्याचं पालुपद. माणसांशी चार शब्द बोलायला याची जीभ जड, आणि बेअरिंगशी मात्र दिवसभर गुलूगुलू. "निंग माय. घाई नाही. तुले कोनी हात लावत नाही." मी समोर बाजेवर बसून ऐकत होतो आणि दात खात होतो. मोटर दुरुस्त करतोय की तान्हं पोर निजवतोय, काही कळायला मार्ग नाही. जात सुताराची, बैलगाड्यांची चाकं करता करता मोटरीकडे वळलेला. बायको नाही, पोर नाही. भाकरी स्वतः थापायची आणि ती करपायची, कारण भाकरीलाही हा घाईनं उलटायचा नाही.

गुरुवारी त्यानं विचारलं, "वऱ्हाड कोनाकडचं हाय?"

"अनसिंगच्या सुतारांकडं लगन हाय. पोरगी मामाच्या घरी वाढली म्हनतात. तुले काय करा लागते? तू आपलं रॉकेल पाज."

त्याचा हात थांबला. मला वाटलं, चला, लाज वाटली, आता हलेल. कसलं काय! त्या दिवसापासून गडी अधिकच मंदावला. शुक्रवारी रॉकेल झालं, मग गोडं तेल. शनिवारी लोखंडाच्या दोन पट्ट्या घासत बसला. बेअरिंगच्या मागून धरून ओढायला शिकंजा करायचा म्हणे, आणि तोही असा की पकड फक्त आतल्या कड्यावर बसावी. "भाईरचं कडं ओढलं का सारा मार गोळ्यायवर येते. दिसत नाही, पन पुढं रस्त्यात रडते ते." एकेक पट्टी घासायची, लावून पाहायची, पुन्हा घासायची. घासण्याचा तो आवाज माझ्या दातांतून जात होता.

रविवारी तो आंघोळीला गेला. शेजारच्या लोहाराकडून मी हातोडा आणला आणि दिला एक ठेवून! बेअरिंग जागचं हललं नाही. मी हातोडा परत देऊन साळसूदासारखा बाजेवर येऊन बसलो.

ओल्या अंगानं मिस्त्री आला. काही न विचारता तुकडा उचलला, कानाशी धरला आणि बेअरिंग फिरवलं. मग एका टोकावरचा पांढरा चट्टा बोटानं चाचपला. माझा घाव बेअरिंगवर नाही, एक्सलच्या टोकावर बसला होता. नेम चुकला म्हणून माझी नोकरी वाचली.

मला वाटलं, आता शिव्या देईल. माझीही दोन तयार होत्या. पण तो मटकन खाली बसला. म्हणाला, "एकडाव हात उठला का मंग काही जुडत नाही, नामाभाऊ." एवढ्यासाठी रडकुंडीला येणारा मिस्त्री मी दुसरा पाहिला नाही. मी तोंड फिरवलं.

सोमवारी गोवऱ्या पेटवल्या. कढईत तेल तापवलं. एक्सलला ओलं पोतं गुंडाळलं आणि पळी माझ्या हाती दिली. "आतल्या कड्यावर सोडा. लोखंड तापलं का फुगते. चाकावर लोखंडी धाव चढवतानी नाही का पाह्यलं?" कड्यावर गरम तेल, एक्सलवर गार पोतं, आणि मिस्त्री शिकंज्याचा स्क्रू केसभर फिरवणार, थांबणार, पुन्हा केसभर. टक् असा आवाज झाला आणि बेअरिंग सरकत त्याच्या ओंजळीतल्या कापडात आलं. ओरखडा नाही! मी मनात म्हटलं, जमलं बुवा येड्याला. तोंडानं म्हटलं, "सहा दिवस लावले एका बांगडीले."

नवा एक्सल बसला. मंगळवारी वऱ्हाड घेऊन निघालो तर हा गाडीत चढून बसलेला. म्हणे, बेअरिंग बोललं तर? अनसिंगपर्यंत माझ्या मागे बसून चाकाकडे कान. गाडी मांडवाजवळ थांबली तसा हा बोचकं घेऊन गाडीखाली शिरला. लोक हसले. मी बोलावलं, जेवायला बोलावलं, निघेना. जाऊ दे, मेला उपाशी तर मेला.

मंगलाष्टकं सुरू झाली. 'सावधान' झालं की गाडीखालून एक काळा हात बाहेर यायचा आणि चाकावर बोचक्यातले पिवळे तांदूळ टाकायचा. मी वाकून ओरडलो, "येड्या, चाकाचं लगन लावून राह्यला का?"

"माही पोरगी हाय ते, नामाभाऊ."

मी तसाच वाकलेला राहिलो.

"वाशिमात चाकं करत होतो. तिच्या मायले म्या हातोड्याच्या दांड्यानं मारलं. एकडावच. ते पोरीले घेऊन भावाकडं आली. बारा वर्स झाले. सात डाव मनवाले आलो, दारातून वापस गेलो." मग चाकावर हात ठेवून म्हणाला, "आता पोरगी याच गाडीत सासरी जाईन. म्हनून टाइम लागला."

खरं सांगतो, मला कीव आली नाही. चीड आली. दांड्यानं बाईला मारतोस आणि मला शिकवतोस? आणि दुसऱ्याच क्षणी रविवारचा माझा हातोडा आठवला, घरातल्या एकदोन गोष्टीही आठवल्या.

पाठवणीची वेळ झाली. नवरी गाडीशी आली. बरोबर तिची आई, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते, टाचा फुटलेल्या. ती बाई त्या पायांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग पाठ फिरवून मला म्हणाली, "डायवरभाऊ, त्यायले म्हना बाहीर निंगा. पोरीनं का चाकाच्या पाया पडावं?"

मी सवयीनं पाय धरला आणि ओढला. मिस्त्रीनं आत दोन्ही हातांनी एक्सल धरून ठेवलेला. बेअरिंग परवडलं. पुन्हा ओढणार होतो, पण पाय सोडला आणि धुतल्या धोतरानिशी मातीत बसलो. आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो अशा आवाजात म्हटलं, "मिस्त्री, निंगा ना. घाई नाही. पोरगी उभी हाय. कोनी काही म्हनत नाही."

बऱ्याच वेळानं गुडघे आले, मग पाठ, मग तेलानं माखलेला आख्खा माणूस. मान वर नाही, हात पाठीमागे. पोरगी वाकली. तो मागे मागे सरू लागला. "हात खराब हायेत, माय. हात खराब हायेत."

पदराआडून आवाज आला, "मंग पुसा."

पुसायला त्याच्यापाशी स्वच्छ काही नव्हतं, म्हणून मी माझा खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला. नवा होता. त्याचे डाग अजून निघाले नाहीत.